लगाम ढिला असेल तर सारथ्याला रागवायचं का?



आजचं वाचन कठोपनिषद, पहिला अध्याय, तिसरी वल्ली. रथाचं रूपक बहुतेकांना माहीत असतं. शरीर रथ, आत्मा त्यात बसलेला धनी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि विषय म्हणजे ते ज्या वाटांवरून धावतात त्या वाटा. ज्याचं मन ताब्यात नाही त्याचे घोडे बेफाम होतात, असं यम नचिकेताला सांगतो. आपण हे वाचतो आणि लगेच दुसऱ्याला लावतो. "मनावर ताबा ठेव जरा." हे वाक्य घरात सर्वात जास्त कोणाला ऐकावं लागतं? लहान मुलांना.

या वेळी मात्र मी रूपकातल्या रथापाशीच अडकलो. कारण गेले दोन शनिवार-रविवार एका खऱ्याखुऱ्या रथाखाली पालथा पडलो होतो.

दादाने शेतावर सात वर्षांच्या पुतण्यासाठी सेकंडहँड क्वाड बाईक घेतली आहे. लहान मुलांची, चार फुगीर टायरची, पेट्रोलवर चालणारी. हेल्मेटशिवाय चावी मिळत नाही, हा वहिनीचा नियम. पोरगा मुरमाच्या वाटेवर निघाला की गाडी डावीकडे ओढायची, बारीक दगडावरून गेली तरी हँडल हातात थरथरायचं. दोनदा बांधाला जाऊन धडकला. आप्पा म्हणायचे, "लक्ष नसतं त्याचं." दादा म्हणायचा, "हँडल सरळ धरायला काय होतं रे तुला?" मी गेलो तोवर पोरगा स्वतःच म्हणायला लागला होता, "काका, मला नाही जमत. माझं लक्षच नसतं."

मला धडकेपेक्षा या वाक्याची जास्त काळजी वाटली.

पुढची बाजू लाकडी ठोकळ्यावर उचलली. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी, म्हणजे घड्याळातल्या तीन आणि नऊवर धरून हलवलं. हँडल जागेवर आणि चाक मात्र खडखड हलतंय. टाय-रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजलेला. (बारा आणि सहावर धरून हलवलं की बेअरिंग किंवा उभ्या सांध्याची झीज कळते, ती ठीक होती.) मग हँडल मधोमध बांधून दोन्ही पुढच्या टायरमधलं अंतर ॲक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १२ मिलिमीटर जास्त! म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांकडे पाठ फिरवून दोन दिशांना निघालेली, आणि मधे सात वर्षांच्या पोराचे दोन हात.

टायरची तर गंमतच. पंक्चरवाल्याने मोटरसायकलच्या हिशोबाने टम्म हवा भरली होती. या फुगीर टायरांना फार कमी हवा लागते, किती ते टायरच्या कडेवर छापलेलंच असतं. जास्त भरली की टायर चेंडूसारखा उडतो. वर पुढच्या शॉकअपची स्प्रिंग कोणीतरी पार घट्ट करून ठेवलेली, बहुधा मोठं माणूस बसायचं म्हणून. पोराच्या वजनाने ती दबतच नव्हती. म्हणजे प्रत्येक दगडाचा दणका सरळ मनगटात.

टाय-रॉडची दोन्ही टोकं नवी घातली, नवीन कॉटर पिनसकट. एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे मधला दांडा फिरवला की लांबी कमी-जास्त होते. दोन्ही बाजू सारख्या फिरवायच्या, नाहीतर चाकं सरळ आणि हँडल वाकडं. मग लॉकनट घट्ट, स्प्रिंग सैल, हवा कमी. गाडी हात हलका ठेवून सरळ चालली.

आता प्रश्न. इतके दिवस दोष कोणाचा होता? उपनिषदाच्या भाषेत, सारथी जागा होता, लगाम त्याच्या हातात होता, पण लगाम घोड्यापर्यंत पोचतच नव्हता. अशा सारथ्याला "ताबा ठेव" म्हणणं हा उपदेश नाही, अन्याय आहे. आणि वाईट हे की तो खरा मानून बसतो.

आमच्या क्षेत्रात सर्व्हर बंद पडला की नंतर बैठक होते, तिचा दंडक असा की कोणी चूक केली हे विचारायचं नाही, ती चूक होऊ शकली कशी हे विचारायचं. ऑफिसात आपण हे पाळतो (निदान पाळतो असं म्हणतो). घरी झोप न झालेल्या, चष्मा लागलाय हे अजून कोणाला न कळलेल्या मुलाला मात्र "लक्ष दे" एवढंच सांगतो.

पण थांबा, इथे दुसरी बाजूही आहे. गाडी दुरुस्त झाल्यावरही पोरगा वळणावर बाहेर गेलाच! या गाड्यांचा मागचा ॲक्सल बहुधा एकसंध असतो, दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे गाडीला सरळच जायचं असतं. वळताना अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं. तो ताठ बसला होता. तिथे पाना काही कामाचा नाही, तिथे शिकावंच लागतं, आणि मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. प्रत्येक वेळी यंत्राकडे बोट दाखवलं असतं तर तो सारथी कधीच झाला नसता.

म्हणून मला वाटतं प्रश्न "दोष कोणाचा" हा नसून "आधी काय तपासायचं" हा आहे. महाभारतात द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी, सूर्यास्ताची मुदत डोक्यावर असताना, कृष्ण भर रणात घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना पाणी पाजतो. अर्जुन बाणाने जमिनीतून तळं काढून देतो. घोडे दमले तेव्हा भगवंताने त्यांना संयमावर प्रवचन दिलं नाही. ते झाल्यावर मात्र रथ पुन्हा जुंपला आणि हाकलाही जोरात.

दादाशी बोलताना हे सगळं मी काही सांगितलं नाही. झिजलेला बॉल जॉइंट त्याच्या हातात दिला, म्हटलं हलवून बघ. त्याने दोनदा हलवला, मग पोराला हाक मारून त्यालाही हलवायला दिला. "हे बघ, हे ढिलं होतं. तू नव्हतास."

पोराने तो जॉइंट खिशात घातला आणि विचारलं, "मग वळणावर पण हेच होतं का?"

"नाही," दादा म्हणाला, "ते तुझं."