युक्ताहार आणि वार्धक्य

पुष्कळ घरांतून एक दृश्य दिसते. वृद्ध आई रात्री कपभर चहा व दोन बिस्किटे घेऊन उठते, आणि कोणी आग्रह केला तर म्हणते, ‘‘आता या देहाचे चोचले कशाला?’’ ऐकणाऱ्यास हे वैराग्य वाटते. परंतु ते खरोखर वैराग्य आहे काय?

गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणास साधत नाही हे सांगताना भगवंतांनी अति खाणाऱ्याच्या पंक्तीस मुळीच न खाणाऱ्यालाही बसविले आहे. सतराव्या अध्यायात तर देहाला व्यर्थ कृश करणाऱ्यांचा निश्चय आसुरी ठरविला आहे, आणि सात्त्विक आहाराच्या फलांत प्रथम आयुष्यवृद्धीच सांगितली आहे. देहासक्ती जशी त्याज्य, तशीच देहाची उपेक्षाही त्याज्य होय.

वय वाढते तशी भूक व तहान मंदावते. शरीराची गरज मात्र तितकी घटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण दिले. त्या हिशेबाने ५० किलो वजनाच्या आजीला सुमारे ४२ ग्रॅम प्रथिने हवीत. चहा-बिस्किटांतून ती कोठून मिळणार? मग स्नायू झिजतात, तोल जातो, साध्या पडण्याने हाड मोडते. आणि ज्यांना आपला भार होऊ नये म्हणून अन्न तोडले, त्यांच्यावरच अंथरुणाला खिळलेल्या देहाची शुश्रूषा येऊन पडते.

यावर उपाय खर्चिक नाही. मुगाची मऊ खिचडी, घट्ट वरण, वाटीभर दही, नाचणीची आंबील, शिजविलेली पालेभाजी—सात्त्विक आहाराची रसयुक्त व स्निग्ध ही लक्षणे दंतहीन मुखालाही मानवणारी आहेत. थोडे थोडे, पण अधिक वेळा खावे. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास आहार आणि उपवास वैद्याच्या सल्ल्याने ठरवावेत.

संयम जिभेचा करावयाचा आहे, पोषणाचा नव्हे. मीठ, साखर, तळण यांचा मोह सोडणे हे तप. हक्काचा घास नाकारणे हे तप नव्हे. घरच्या मंडळींनीही वृद्धांच्या ‘नको’ या शब्दात आपली सुटका मानू नये. त्यांच्याजवळ बसून जेवावे. एकट्याला घास उतरत नाही. हा देह परमेश्वराची ठेव आहे. तो परत मागेपर्यंत ती नीट सांभाळणे, हाही स्वधर्मच होय.