दुखणे ज्याचे त्याचे?

दुखणे ज्याचे त्याचे असते, असे आपण सहज म्हणतो. ते खरेही आहे. माझा गुडघा ठणकतो तेव्हा तो मलाच ठणकतो, शेजाऱ्याला नाही. आणि दुसऱ्याची वेदना मला कळते म्हणजे नेमके काय कळते, यावर तत्त्वज्ञांचा काथ्याकूट अजून संपलेला नाही. परंतु या साध्या विधानामागून आपण नकळत दुसरे एक विधान आत घेतो. दुखणे ज्याचे, उपायही त्याचाच. तो त्याने आपल्या घरी, दार लोटून, कोणाला तोशीस न देता करावा. हे दुसरे विधान पहिल्यातून निघते काय? संधिवातासारख्या रोगाचा विचार करताना मला ते निघत नाही असे वाटू लागले आहे.

सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि हा द्रव तिच्यात आतबाहेर खेळतो तो सांध्यावर भार पडल्याने व सुटल्याने. स्पंज दाबून सोडावा तसा. सांधा दुखतो म्हणून माणूस बसून राहिला, तर भोवतालचे स्नायू रोडावतात, सांध्याला आधार उरत नाही आणि दुखणे वाढते. म्हणजे जे करताना दुखते तेच थोडे थोडे, रोज करायचे. फळ मात्र काही आठवड्यांनी दिसणार. व्यायाम कोणते, हे तासाभरात शिकता येते. त्यांची आकृत्यांसह छापलेली चिठ्ठी पुष्कळ घरांत कपाटाच्या दारावर चिकटवलेली आढळेल. ती पिवळी पडते आणि खुर्ची जागची हलत नाही. तेव्हा अडचण ज्ञानाची नाही, इच्छाशक्तीची आहे.

अमेरिकेत विन्स्टन-सेलम व मेम्फिस या शहरांत गुडघ्याचे सांधे झिजलेल्या, साठी गाठलेल्या ४३९ जणांचा अभ्यास झाला. तो १९९७ साली तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काहींना केवळ माहिती दिली गेली, इतरांना व्यायाम. व्यायाम करणाऱ्यांनी पहिले ३ महिने केंद्रात एकत्र येऊन तो केला व पुढील १५ महिने आपापल्या घरी. त्यांचे दुखणे माहितीवाल्यांपेक्षा कमी झाले, चालणेही सुधारले; फरक माफक होता, पण होता. माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. महिने उलटले तशी घरची नियमितता ओसरत गेली. गुडघे तेच, व्यायाम तेच, माणसेही तीच. मग केंद्रात असे काय होते, जे घरी नव्हते?

त्याच देशातील आर्थ्रायटिस फाउंडेशन या संस्थेने संधिवाताच्या रुग्णांसाठी सामूहिक व्यायामाचे वर्ग सुरू केले, ते ‘पेस’ या नावाने ओळखले जात. आठवड्यातून दोनदा, तासभर. बसून किंवा उभ्याने. सांधे हळूहळू फिरवायचे, थोडे स्नायूंचे बळ, शेवटी विश्रांती. शिकवणारा डॉक्टरच हवा असे नाही, प्रशिक्षण घेतलेला सामान्य माणूसही चालतो. व्यायामानंतर दोन तासांनी दुखणे आधीपेक्षा जास्त असेल तर पुढल्या वेळी कमी करावे, असा एक सुटसुटीत नियमही या मंडळींत रूढ आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ३४६ जणांवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांच्या अशा वर्गाने वेदना व थकवा काही अंशी उतरल्याचे दिसले. चमत्कार नव्हे. ज्याने तेल-काढ्यांच्या जाहिराती वाचल्या आहेत, त्याला हा लाभ किरकोळच वाटेल.

घरी नसलेली गोष्ट म्हणजे माझ्या मते शेजारची खुर्ची. स्वतःला दिलेला शब्द मोडला तर क्षमा करणारेही आपणच असतो, आणि या बाबतीत आपण फार उदार असतो. दुसऱ्याला दिलेला शब्द असा सुटत नाही. ‘मंगळवारी येते’ असे म्हटले की मंगळवारी कोणीतरी दाराकडे पाहणार असते.

यावर कोणी म्हणेल, हा सद्गुण नव्हे. ही लोकलज्जा झाली. चांगले ते चांगले म्हणून करावे, चारचौघांच्या धाकाने नव्हे. आक्षेप वजनदार आहे. परंतु ॲरिस्टॉटलनेच म्हटले आहे की न्यायाची कृत्ये करीत करीत माणूस न्यायी होतो. आधी हेतू शुद्ध करून मग कामाला लागत नाही. शिवाय जी बाई आपल्या गुडघ्यासाठी वर्गात येते, तीच शेजारणीच्या येण्याचे कारण होऊन बसते. घेण्यासाठी आली आणि देऊन गेली, तेही तिला न कळता. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी चालवलेल्या संधिवाताच्या स्वयंव्यवस्थापन वर्गांत शिकवणाऱ्यांपैकी अनेक स्वतः रुग्ण असत. तेथे आढळले की सुधारणेचा संबंध कोणी किती व्यायाम केला याच्याशी फारसा जुळत नव्हता. ‘हे मला जमेल’ या विश्वासाशी अधिक जुळत होता. हा विश्वास एकट्याने बसून निर्माण करणे कठीण. आपल्यासारखेच वाकडे झालेले बोट दुसऱ्याचे उघडताना पाहावे लागते.

आपल्याकडे मात्र मूकपणे सोसणाऱ्याची थोरवी गायिली जाते. ‘कधी हूं की चूं केले नाही,’ असे आपण अंत्यविधीनंतर कौतुकाने सांगतो. सोसणे ख्रिस्तचरणी अर्पण करावे ही शिकवण मोलाची आहे, तिची थट्टा कोणी करू नये. परंतु पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या फेब्रुवारीत मानवी दुःखावर लिहिलेल्या प्रेषितपत्रात चांगल्या शमरोन्यालाही एक सबंध प्रकरण दिले आहे. दुःखातून इतरांचे भले करावे आणि दुःखिताचेही भले करावे, असा दुहेरी बोध ते काढतात. संधिवाताच्या वर्गात या दोन्ही भूमिका एकाच खुर्चीवर बसतात. जखमीही तोच आणि शमरोनीही तोच. दुखणे लपवणाऱ्याला दुसरी भूमिका मिळतच नाही. मिस्सात गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मागच्या बाकावर अपराध्यासारखे बसणारे किती आहेत! प्रकृतीच्या कारणाने न टेकण्याची मुभा मिस्साविधीच्या नियमांतच आहे. तरी ते मागेच बसतात, एकमेकांपासून दोन बाके सोडून.

येथे उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. व्यायाम हा धर्म झाला की न येणारा पापी ठरतो. ‘जरा हातपाय हलवले असते तर...’ हे वाक्य दयेच्या सुरात उच्चारले तरी क्रूरच असते. आमवाताचा सांधा सुजून लाल झाला असेल त्या दिवशी न येणे हेच शहाणपण, आणि कोणाचा रोग कोणत्या जातीचा हे डॉक्टरांनी आधी पाहिले पाहिजे. गैरहजर माणसाची विचारपूस करणे आणि त्याची हजेरी घेणे यांत अंतर थोडेच असते. ते शब्दांत नसते, विचारणाऱ्याच्या मनात असते. चांगला वर्ग न आलेल्याची खुर्ची उचलून ठेवत नाही, आणि आल्यावर कारणही विचारीत नाही.

बाकी लागते ते थोडेच. भक्कम, न घसरणाऱ्या खुर्च्या. पहाटेची वेळ टाळलेली, कारण सकाळी सांधे आखडलेले असतात. शिकून आलेली एक व्यक्ती. आणि सभागृह. आपल्या कितीतरी धर्मग्रामांत ते वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा पहिला प्रश्न जिन्याचा येतो.