तेल आजाऱ्याचें कीं मरणाऱ्याचें?

आपल्यापैकीं पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, रोमन कॅथोलिक लोक मरणाऱ्या मनुष्यास तेल लावितात व तेवढ्यानेंच तो तरला असें मानितात. परंतु दुसऱ्याच्या मताचा निवाडा करण्यापूर्वीं तें नीट समजून घेणें हें ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य आहे.

या विधीचें मूळ याकोबाच्या पत्रांत, अध्याय ५, ओव्या १४ व १५ यांत आहे. दुखणाइतानें मंडळीच्या वडिलांस बोलवावें, आणि त्यांनीं त्याला प्रभूच्या नांवानें तेल लावून प्रार्थना करावी, असें प्रेषित सांगतो. तो दुखणाइताविषयीं बोलतो, मरणाऱ्याविषयीं नव्हे. पुढें मध्ययुगांत पश्चिमेकडील मंडळींत हा विधि मृत्युशय्येकडे सरकला व त्यास अंत्याभ्यंग हें नांव पडलें. १४३९ सालीं फ्लॉरेन्सच्या परिषदेनें सांगितलें कीं, ज्याच्या मरणाचें भय आहे अशाच रोग्यास हें तेल द्यावें. परिणाम असा झाला कीं, धर्मगुरु दाराशीं आला म्हणजे आशा सुटली, असें लोक समजूं लागले. जें धीर देण्याकरितां होतें तेंच भीतीचें चिन्ह झालें.

१५२० सालीं ल्यूथरनें हीच विसंगति दाखविली. शिवाय, संस्कार स्थापण्याचा अधिकार ख्रिस्ताचा, प्रेषिताचा नव्हे, असेंही तो म्हणाला. १५५१ सालीं त्रेंतच्या परिषदेनें हा विधि ख्रिस्तानेंच स्थापिलेला संस्कार आहे असें ठरविलें. त्या मुद्द्यावर आपला व त्यांचा मतभेद आजही आहे. तथापि न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनें १९६३ सालीं ‘रुग्णाभ्यंग’ हें नांव अधिक योग्य ठरविलें, आणि १९७२ सालीं पोप सहावे पॉल यांनीं विधि सुधारला. आतां कपाळास व हातांस तेल लावितात, आणि जड दुखण्यांत, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं किंवा वार्धक्याच्या अशक्तपणांतही तो देतात.

मग प्रश्न आपल्याकडे वळतो. अंगारा-ताईताप्रमाणें लोक तेलावर भरंवसा ठेवतील, या भयानें आपण तेल सोडलें. परंतु तेलाबरोबर आपण जाणेंही सोडलें काय? तापानें फणफणलेल्या मनुष्याच्या झोपडींत उपदेशक गेला नाहीं आणि मातीच्या दिवशीं मात्र पुस्तक घेऊन आला, तर अंत्याभ्यंग आपलाच झाला, फक्त तेलावांचून!

कोणी म्हणेल, प्रार्थना असतां औषध कशाला? चांगल्या शोमरोन्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, तो औषध म्हणूनच. म्हणून आजाऱ्यास दवाखान्यांत न्यावें आणि प्रार्थनाही करावी. आणि तो बरा न झाला तर, “तुझा विश्वास उणा पडला,” असें त्यास कदापि म्हणूं नये. पौलाचा कांटा निघाला नाहीं, आणि त्रफिमाला मिलेतांत आजारीच ठेवून त्याला पुढें जावें लागलें. त्यांचा विश्वास उणा होता असें कोण म्हणेल?

संस्कार दोन कीं सात, हा वाद विद्वान चालवोत. याकोबाची आज्ञा मात्र साधी आहे: बोलावणें आलें कीं उठावें. म्हणून, बंधूंनो, या आठवड्यांत तुमच्या गांवीं कोण अंथरुणास खिळला आहे तें विचारा, आणि तो जिवंत आहे तोंच त्याच्याकडे जा.