धोका कळल्यावरची जबाबदारी

ग्रहणाच्या वेळी गर्भवतीला विळीला हात लावू न देणारं घर एरवी तिच्या डोक्यावर पाण्याचे हंडे बिनदिक्कत देतं. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या की मग चौकशी सुरू होते: हिने काय पाळलं नाही? कुणाची दृष्ट लागली? सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असा निकाल वडीलधारी मंडळी डॉक्टरांच्या आधीच देऊन मोकळी होतात. वास्तविक पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाची जगण्याची शक्यता वाढवतच नेतो.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म अकाली मानला जातो. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख मुलं अशी जन्मली आणि त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातली होती. पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. त्यामुळे हा धोका आधी ओळखता यावा म्हणून जगभर चाललेल्या संशोधनाचं स्वागतच करायला हवं.

गर्भाची पिशवी आणि गर्भाशयाचं अस्तर यांना डिंकासारखं चिकटवून ठेवणारं फायब्रोनेक्टिन नावाचं प्रथिन असतं. साधारण २२ ते ३४ आठवड्यांच्या काळात ते योनिमार्गातल्या स्रावात सापडू नये. कळांची तक्रार असलेल्या बाईच्या तपासणीत ते सापडलं नाही, तर पुढच्या आठवडाभरात प्रसूती होण्याची शक्यता अगदी कमी असते. सापडलं तर मात्र अकाली प्रसूती होईलच असं नाही. अशा अनेक बायका दिवस भरूनच बाळंत होतात. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरणं हीदेखील धोक्याची खूण. आईच्या रक्तातली प्रथिनं आणि आरएनए यांवरून बरंच आधी अंदाज बांधण्याचे प्रयत्नही चालू आहेत. आपल्याकडे २०१५ पासून गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या हजारो गर्भवतींचा ‘गर्भिणी’ प्रकल्पात अभ्यास झाला. परदेशी बायकांवर बसवलेले आडाखे आपल्या बायकांना जसेच्या तसे लावणं चूक, म्हणून हे काम मोलाचं.

पण आधी कळून साधतं काय? साधतो तो वेळ. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिलं, की प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइड दिलं तर अकाली बाळाच्या फुप्फुसांना बळ मिळतं. आज डेक्सामेथासोनची स्वस्त इंजेक्शनं दर बारा तासांनी एक, अशी चार देतात. एवढ्या अवधीत आईला नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात पोहोचवायचं असतं. म्हणजे तपासणीने हाती येतात ते जेमतेम दोन दिवस. ते दोन दिवस आपल्या समाजात कोणत्या बाईच्या मालकीचे असतात?

मराठवाड्यातून उसाच्या फडावर जाणारी बाई पाहा. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवरा-बायकोच्या जोडीवर, ‘एक कोयता’ म्हणून. एक दिवस कामावर आली नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवणाऱ्या या बाईच्या हातात ‘धोका आहे’ असा कागद दिला, तर तिने त्याचं काय करायचं? नुसतं खाटेवर पडून राहिल्याने अकाली प्रसूती टळते असा पुरावा नाही. तिला हवी आहे जड ओझ्यातून सुटका, बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि फडावर वेळेत येणारी रुग्णवाहिका. यातलं काहीच प्रयोगशाळेत तयार होत नाही.

शिवाय काही खुणा ओळखायला नवं यंत्र लागतही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. कोवळं वय, रक्तक्षय, पाठोपाठची बाळंतपणं, उपचाराविना राहिलेला लघवीचा संसर्ग: या गोष्टी आशाताईंच्या वहीत आजही दिसतात. दिसूनही हलायचं नाही असं आपण ठरवलं असेल, तर रक्तातली नवी खूण आपल्याला काय हलवणार?

तंत्र आलं म्हणून विवेक येतो असंही नाही. गर्भाची प्रकृती पाहण्यासाठी आलेल्या सोनोग्राफीने आपण मुली शोधून मारल्या. १९८८ साली महाराष्ट्राला देशात पहिल्यांदा त्याविरुद्ध कायदा करावा लागला. नव्या तपासण्यांचंही तसंच होऊ शकतं. भीती विकून पैसा करणारे निघतील. अहवालाचा कागद नाचवत ‘खोट हिच्याच अंगात’ म्हणणारी सासरं निघतील. ग्रहणाची जागा प्रथिन घेईल आणि आरोपी तीच राहील.

म्हणून तपासणीची मागणी करताना पुढचीही मागणी त्याच दमात करायला हवी. धोका निघालेल्या प्रत्येक बाईला भरपगारी सुट्टी किंवा मजुरीची भरपाई, तालुक्यात स्टिरॉइडची खात्रीची सोय, जिल्ह्यात नवजात कक्षात खाट. आणि घराघरात एवढं कबूल व्हावं, की अकाली प्रसूती हा आईचा गुन्हा नाही. धोका तिच्या शरीरात दिसत असला, तरी तो निवारण्याचं काम नवऱ्याचं, सासरचं, मालकाचं आणि सरकारचं आहे. ते काम करायची तयारी नसेल, तर तिच्या रक्ताचा थेंब घेण्याचा नैतिक अधिकारही आपल्याला नाही.