डॉलरचा भाव बघणारा मी

लेख स्वीकारल्याचं पत्र आलं की मी आधी बघतो ते डॉलर कितीला गेलाय. लेख ऊसतोड बायकांच्या रक्तक्षयावरचा, धारूर-वडवणीकडच्या तांड्यांवर बसून घेतलेल्या नमुन्यांचा. आणि माझं बोट मोबाइलवर विनिमय दर चाळतंय. प्रकाशनशुल्काचे डॉलर आज भरावेत की थांबावं? रुपया सावरेल, की अजून घसरेल? निष्कर्षांवर तरी इतका वेळ घालवला होता का मी?

या शुल्काची चीड मात्र खोटी नाही. अनेक खुल्या नियतकालिकांत वाचणाऱ्याला फुकट, पैसे लेखकाने भरायचे, तेही बऱ्याचदा डॉलरमध्ये. 2013 मध्ये 'प्लॉस वन' या अशाच नियतकालिकाचं शुल्क होतं 1,350 डॉलर. मेच्या सुरुवातीला डॉलर 54 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे साधारण 73 हजार. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो 68 च्या वर गेला आणि तेच शुल्क 92 हजारांच्या घरात पोहोचलं. प्रकाशकाने एक सेंटही वाढवला नव्हता. पुढे शुल्कही वाढत गेलं, आणि 2025 च्या डिसेंबरात डॉलरने नव्वदी ओलांडली. कार्डाने भरा, तर परकीय चलनाचा बँकेचा चार्ज, त्या चार्जवर जीएसटी. गरीब देशांतल्या लेखकांना मोठे प्रकाशक सूट देतात. त्या यादीत भारत सहसा बसत नाही. माझ्यासारख्या बीडच्या प्राध्यापकाचा पगार मात्र रुपयांतच होतो.

पण या डॉलरच्या दारात मला कोणी नेलं? मुंबईच्या केईएम रुग्णालयातून 1955 पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' निघतं. वाचायला खुलं, आणि लेखकाकडून पैसे न घेण्याची त्याची परंपरा. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! मला परदेशी नाव हवं होतं. बढतीच्या फाइलमध्ये ते उठून दिसतं. आणि घाई होती. मग मी स्वतःची समजूत घातली, की लेख खुला असला तर आपल्या भागातल्या लोकांना वाचता येईल.

कोणत्या लोकांना? 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेखाली तीन वर्षांसाठी 6,000 कोटी मंजूर झाले. सरकारी महाविद्यालयात बसून आता मला हजारो नियतकालिकं वाचता येतात. गावातल्या आशा कार्यकर्त्यांना या योजनेच्या दारातून प्रवेश नाही, म्हणून खुलं प्रकाशन हवंच, यावर माझा आजही विश्वास आहे. पण माझा लेख इंग्रजीत, तक्त्यांनी भरलेला. तो त्यांच्यासाठी खुला आहे असं म्हणताना माझी जीभ अडखळायला हवी होती.

तांड्यावरच्या एका बाईने नंतर विचारलं होतं, "साहेब, आमचं रगत नेलंत, त्यात काय निघालं?" मी म्हणालो, छापून येऊ द्या, मग सांगतो. का? हिमोग्लोबिनचा आकडा सांगायला कोणत्या संपादकाची परवानगी लागत होती? तांड्यावरच्या बायका दसऱ्यानंतर साखर कारखान्यावर जाणार होत्या. डॉलर उतरण्याची वाट मी बघू शकत होतो; लोहाच्या गोळ्यांना तेवढी सवड होती का?

पुढचा लेख शुल्क न घेणाऱ्या नियतकालिकाकडे पाठवायचा, असं सध्या तरी ठरवलंय. बढतीच्या वेळी मन पुन्हा डळमळेल का, याची खात्री मला देता येत नाही. पण आकडे आधी तांड्यावर, मराठीत, तोंडी सांगायचे. त्याला रुपयाचा भाव आडवा येत नाही, आणि आजवरही आला नव्हता.