मानसपुत्राचे भक्त

लेखकाने निर्माण केलेले पात्र अखेर कोणाचे? त्याला जन्म देणाऱ्याचे, की त्याच्यावर जीव लावणाऱ्यांचे? प्रश्न वरवर साहित्यातला वाटतो. पण मुळात तो प्रेमाच्या नीतीचा प्रश्न आहे.

डिसेंबर १८९३ मध्ये सर आर्थर कॉनन डॉयल यांनी ‘स्ट्रॅन्ड’ मासिकातील एका कथेत शेरलॉक होम्सला मृत्यूच्या दरीत लोटले आणि वाचक हळहळले, संतापले. होम्सला संपवण्याचा विचार डॉयल यांनी १८९१ मध्येच आईला पत्राने कळवला होता. तेव्हा तिनेही विरोध केला होता. ऐतिहासिक कादंबऱ्या हेच आपले खरे कार्य, असे ते मानीत आणि हा गुप्तहेर त्या कार्याच्या आड येत होता. त्याच १८९३ साली त्यांचे वडील वारले आणि पत्नीला क्षयाने ग्रासले. कल्पित मृत्यूसाठी हळहळणाऱ्या किती वाचकांच्या मनाला लेखकाच्या घरातील या खऱ्या दुःखाचा स्पर्श झाला असेल?

अखेर डॉयल नमले. १९०३ मध्ये होम्स परतला आणि १९२७ पर्यंत कथा येत राहिल्या. चार कादंबऱ्या व छप्पन्न कथा यांना भक्तमंडळी ‘कॅनन’ म्हणतात. हा शब्द पवित्र शास्त्राच्या अधिकृत ग्रंथांचा. या खेळाची सुरुवात करणाऱ्यांत रोनाल्ड नॉक्स अग्रणी होते. बायबलच्या चिकित्सकांची विद्वत्ता होम्सच्या कथांना लावून त्यांनी १९११ मध्ये एक खुमासदार निबंध वाचला. पुढे ते कॅथलिक झाले व धर्मगुरूही. नॉक्स यांना हा विनोद आहे याचे भान होते. परंतु खेळ वाढत गेला. कथा वॉटसननेच लिहिल्या, डॉयल हे केवळ त्याचे मध्यस्थ, असे गमतीने मानण्याचा प्रघात पडला. बेकर स्ट्रीटच्या पत्त्यावर होम्सच्या नावाने पत्रे येत राहिली आणि त्यांना उत्तरे देण्यासाठी तेथील एका वित्तसंस्थेला स्वतंत्र चिटणीस नेमावा लागला. देणगी हृदयाशी धरली गेली, दाता मात्र दाराबाहेर राहिला.

या दात्याची एक कृती आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. मुंबईहून इंग्लंडला गेलेले शापूरजी एदलजी हे जन्माने पारशी. ते ख्रिस्ती झाले आणि ग्रेट वर्ली या गावी अँग्लिकन धर्मगुरू म्हणून राहिले. त्यांचा वकील मुलगा जॉर्ज याला १९०३ मध्ये एका घोड्याला जखमी केल्याच्या आरोपावरून सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक पुसला गेला नाही. डॉयल त्याला भेटले, तेव्हा तो वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ धरून वाचत होता. इतक्या अधू दृष्टीचा माणूस रात्रीच्या काळोखात शेते तुडवीत जाऊन असे कृत्य कसे करील? १९०७ मध्ये डॉयल यांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. त्याच वर्षी जॉर्जला माफी मिळाली. भरपाई मात्र मिळाली नाही. फौजदारी अपील न्यायालयाची स्थापनाही त्याच वर्षी झाली आणि तिला या प्रकरणाचा मोठा हातभार लागला.

डॉयल यांना संत ठरवण्याचे कारण नाही. येशूसंघीयांच्या स्टोनीहर्स्ट शाळेत शिकलेल्या या माणसाने तारुण्यातच श्रद्धा सोडली आणि उत्तरायुष्यात मृतात्म्यांशी संवादाचा ध्यास घेतला. १९२२ मध्ये तर पऱ्यांच्या छायाचित्रांवर विश्वास ठेवून त्यांनी एक पुस्तक लिहिले. होम्सच्या चाहत्यांना हा डॉयल अडचणीचा वाटतो. होम्स कधी असा फसत नाही, म्हातारा होऊन निराश करीत नाही, आपल्याकडे काही मागतही नाही. कल्पित माणसावर प्रेम करणे सोपे जाते ते यामुळेच. खरा माणूस मात्र त्याच्या चुकांसह स्वीकारावा लागतो.

म्हणून रहस्यकथेची आवड त्याज्य ठरते काय? मुळीच नाही. कथेत निरपराध्याला न्याय मिळताना पाहून होणारा आनंद निर्मळ आहे. न्यायाची भूक तेथे जागी होते. प्रश्न त्या भुकेचे पुढे काय होते, हा आहे. पुस्तक मिटल्यावर ती शमली, तर भक्ती हे केवळ मनोरंजन झाले. दयाळू शोमरोनी हाही कल्पित नायकच. परंतु प्रभूने ती कथा सांगून श्रोत्याला तिथेच रमू दिले नाही. तसेच करावयास त्याला परत वाटेवर पाठवले. कथेवरील प्रेमाची कसोटी त्या वाटेवर लागते. तेथे कोणी जॉर्ज एदलजी आपली वाट पाहत असतो आणि त्याच्यासाठी होम्स येणार नसतो.