आधी नाव दुरुस्त कर

बस खाली, आणि ते पावतीपुस्तक बाजूला ठेव. कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचा सचिव झालास, आनंद आहे. पण हे निमंत्रण तू वाचून पाठवलंस का? वर कर्मवीर भाऊराव पाटलांचं छायाचित्र, खाली बँकेचा खाते क्रमांक, मध्ये 'सपत्नीक उपस्थित राहावे'. ज्याला तुम्ही वर्गात 'बायल्या' म्हणून रडवलंत, तो आज पुण्यात चांगल्या पगारावर आहे, म्हणून त्याला पहिलं पत्र. तो जोडीदाराला घेऊन येतो म्हणाला, तर तुझं उत्तर काय? 'एकटाच ये, उगाच चर्चा नको.' त्याचा चेक मात्र चर्चेविना चालतो, नाही का?

मान वर कर. मी भिंतीशी बोलत नाहीये.

आणि ती तुझ्याच बॅचची मुलगी. नाव बदलून घ्या म्हणून तिनं कलेक्टरच्या प्रमाणपत्रासह अर्ज दिला. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याखालच्या 2020 च्या नियमांत अशा दुरुस्तीला 15 दिवसांची मुदत आहे. तुमच्या कार्यालयात अर्ज धूळ खातोय, आणि देणगीचं पाकीट दरवर्षी जुन्या नावानं तिच्या घरी जातंय. घरमालकाच्या हाती पडलं तर काय होईल, एवढाही विचार तुझ्या मनाला शिवला नाही?

'साताऱ्यात असलं काही नसतं' म्हणे! सांगलीला जा, तिथल्या तृतीयपंथीयांच्या 'मुस्कान' संघटनेतल्या माणसांशी बोल. यल्लम्माच्या, लुगडं नेसलेल्या जोगत्याच्या परडीत तुझी आजी जोगवा घालायची, तेव्हा कुठं गेला होता हा सोवळेपणा? प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 6 सप्टेंबर 2018 ला सांगितलं. वर्तमानपत्र येतं ना घरी?

कर्मवीरांचं नाव घेतोस, तर नीट घे. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. गावानं नाकं मुरडली तरी बसवली. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. कर्मवीर अण्णा दारोदार मागत हिंडले ते त्या पंगतीच्या जिवावर. तुझी पंगत कुठाय? नॅकच्या अहवालात माजी विद्यार्थ्यांचा रकाना भरायचा, एवढीच ना तुझी तळमळ?

आता 'विशेष सत्कार करू' म्हणून पुटपुटू नकोस. कुणाला स्टेजवर ओढायचं नाही, कुणाचं खासगी ग्रुपवर टाकायचं नाही. आपलं सांगायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

उद्या सकाळी आधी तो अर्ज निकाली काढून घे. प्राचार्य टाळाटाळ करू लागले तर माझं नाव सांग, तेही माझ्याच हाताखालून गेलेत. 'सपत्नीक' काढून 'कुटुंबीयांसह' छाप. मग त्या दोघांना फोन कर, तिला तिच्या नावानं हाक मार, आणि देणगीचा द सुद्धा उच्चारायचा नाही.

ऊठ. आणि ते पावतीपुस्तक इथंच राहू दे.